ड्राइव्ह-वे नसलेलं घर

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
ऑक्टोबर २०२३

प्रिय बंड्या,

"एवढे पैसे ओतलेस, आणि गाडी रस्त्यावर?" हे तू फोनवर फिरून फिरून विचारत होतास आणि मला धड काही सांगता येत नव्हतं. म्हणून आता सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बस.

आम्ही घेतलेलं घर म्हणजे काय, तर लाकडी तिमजली इमारतीतला मधला मजला. इथे अशा इमारतीला ट्रिपल-डेकर म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी कामगारांसाठी बांधलेल्या, दर मजल्याला एक बिऱ्हाड, पुढे गॅलरी. तेव्हा मोटारी कोणाकडे होत्या? त्यामुळे अशा गल्ल्यांतून गाडी ठेवायचा विचारच कुणी केलेला नाही. आमच्या इमारतीला बाजूला एका गाडीपुरता ड्राइव्ह-वे, म्हणजे रस्त्यावरून आत गाडी घ्यायची खाजगी पट्टी, आहे खरा, पण मास्टर डीडमध्ये, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकीपत्रात, तो तळमजल्याच्या नावावर लिहिलेला आहे. जाहिरातीत नुसतं 'पार्किंग' असं छापलेलं असतं. कोणाचं, ते डीडच्या आतल्या पानावर सापडतं. वकिलाने ते पान काढून दाखवलं, तेव्हा मला तुमची सोसायटी आठवली. स्टिल्टखालच्या जागांवरून तुमच्याकडे जे महाभारत झालं, त्यात २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल छापून नोटीस बोर्डावर तूच लावला होतास ना? बिल्डरला स्टिल्ट पार्किंग फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही, ती जागा सगळ्यांची, असा. इथे उलटं आहे. डीडमध्ये एकदा लिहिलं की ती जागा त्या मजल्याचीच, आणि फ्लॅटच्या किमतीतही ती मोजली जाते. आपला मजला स्वस्त पडला त्याचं एक कारण तेच.

मग आम्ही काय करायचं? तर परमिट. आमच्या गल्लीत खांबाखांबावर पाट्या आहेत की केंब्रिजच्या रहिवाशांचं स्टिकर असेल तरच गाडी लावा. स्टिकरचे यंदा, २०२३ मध्ये, वर्षाला २५ डॉलर. पण नुसते पैसे भरून भागत नाही. गाडीची नोंदणी याच पत्त्यावर हवी, इथे राहतो याचा ताजा पुरावा हवा, गाडीवरचा एक्साइज टॅक्स भरलेला हवा आणि जुने दंड चुकते हवेत. नोंदणी शहरात आली की विमाही चढतो. उपनगरातल्यापेक्षा इथला हप्ता बराच जास्त आहे. घर घेताना बँकेचे हप्ते सगळेच मांडतात, हा खर्च कुणी मांडत नाही. तू कोणाला सल्ला देणार असशील तर हे आवर्जून सांग.

आणि मुख्य गोष्ट अशी की स्टिकर मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. जागा शोधायची परवानगी मिळाली, एवढंच. संध्याकाळी उशिरा परतलं की दोन-तीन गल्ल्या फिरायच्या, बायको एका खिडकीतून बघणार, मी दुसऱ्या. कधी दारासमोर जागा मिळते, कधी इतकी लांब की सकाळी गाडी कुठे लावली ते आठवावं लागतं. पण स्टिकर नसलेल्या गाड्या गल्लीबाहेरच राहतात, त्यामुळे शोधलं की मिळते. हार्वर्ड आणि एमआयटी दोन्ही याच शहरात. पाट्या नसत्या तर सकाळी आठनंतर आमच्या गल्लीत सायकलसुद्धा उभी करता आली नसती.

"सार्वजनिक रस्ता असा मूठभरांसाठी राखून ठेवतात कसा?" हा तुझा दुसरा प्रश्न. तू वकील व्हायला हवा होतास. हाच प्रश्न इथे कोर्टात गेला होता. व्हर्जिनियात आर्लिंग्टन नावाची काउंटी आहे, वॉशिंग्टनच्या नदीपलीकडे. तिथल्या क्रिस्टल सिटीतल्या कचेऱ्यांत येणारे लोक शेजारच्या ऑरोरा हायलँड्स वस्तीत दिवसभर गाड्या लावून जायचे. काउंटीने नियम केला की कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ तिथे परमिटवाल्यांच्याच गाड्या. बाहेरून येणारे लोक कोर्टात गेले. रहिवासी आणि परके असा भेद करणं हा घटनेच्या १४व्या दुरुस्तीतल्या समानतेचा भंग आहे, असं त्यांचं म्हणणं. व्हर्जिनियाच्या वरिष्ठ कोर्टाने ते मान्यही केलं. पण ऑक्टोबर १९७७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. गोंगाट, धूर, वर्दळ कमी करण्यासाठी असा भेद चालतो, असं थोडक्यात सांगून मोकळे झाले. मजा म्हणजे त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने खुद्द केंब्रिजच्या परमिटवरही शिक्कामोर्तब केलं होतं. तेव्हा माझ्या काचेवरच्या स्टिकरला कायद्याचं भक्कम पाठबळ आहे, साहेब.

मला यात पटतं ते हे की स्टिकर मालकीवर मिळत नाही, राहण्यावर मिळतं. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी मुलं आहेत. त्यांच्या दोन गाड्या आहेत, दोन्हींवर आमच्यासारखीच स्टिकरं. कर्जाचे हप्ते मी भरतो म्हणून दारासमोरची जागा माझी होत नाही. पहिले काही दिवस ते जड गेलं, खोटं कशाला बोलू. आपल्या दारात दुसऱ्याची गाडी बघायची सवय आपल्याला कुठे आहे? सदाशिव पेठेत आपण फाटकासमोर कुंडी ठेवायचो आणि वर 'हवा सोडली जाईल' अशी पाटी.

तसं कुंडीचं काम इथेही होतं. नदीपलीकडे बॉस्टनमध्ये बर्फ पडला की लोक फावड्याने जागा मोकळी करतात आणि त्यात मोडकी खुर्ची, ट्रॅफिकचा कोन, काय वाट्टेल ते ठेवतात. महापालिकाही बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास ते चालवून घेते, फक्त तिथल्या साउथ एन्ड भागात ते मुळीच चालत नाही. दुसऱ्याची खुर्ची सरकवणाऱ्याच्या गाडीचं काय होतं, यावर इथे भरपूर कथा आहेत. केंब्रिजमध्ये खुर्च्यांना अधिकृत परवानगी नाही. इथे त्रास वेगळा. एप्रिल ते डिसेंबर महिन्यातून एकदा रस्ता झाडायला यंत्र येतं, एका दिवशी सम बाजू, दुसऱ्या दिवशी विषम. तुमच्या पी-१, पी-२ सारखंच म्हण. तारीख विसरलास की दंड. म्हणून फ्रिजवर कॅलेंडर आहे आणि त्यावर आमच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा मोठ्या अक्षरात झाडूचे दिवस.

पाहुण्यांचं म्हणशील, तर घरटी व्हिजिटर पास एकच मिळतो. मराठी मंडळातली निम्मी मंडळी दूरच्या उपनगरांत राहतात, दोन-दोन गाड्यांची गराजं त्यांची. "तुझ्याकडे यायचं म्हणजे आधी नकाशा बघावा लागतो," असं तोंडावर म्हणतात. पण रविवारी परमिटचा नियम लागू नसतो, त्यामुळे आमच्या गणपतीचा प्रसाद रविवारीच. यंदा काही जण एलवाइफ स्टेशनच्या मोठ्या पार्किंग इमारतीत गाडी ठेवून रेड लाइन मेट्रोने आले आणि मोदक मात्र गाडीवाल्यांपेक्षा जास्त खाल्ले.

आता थोडं भांडणाचं. २५ डॉलर ही रक्कम मला हास्यास्पद वाटते. २०१३ मध्ये बॉस्टनच्या बॅक बेमध्ये एकामागे एक गाड्या लागतील अशा दोन उघड्या जागा लिलावात ५ लाख ६० हजार डॉलरला गेल्या. दोन जागा, छप्परसुद्धा नाही! आणि आम्ही तसलीच जमीन वर्षभर वापरतो, एक-दोन पिझ्झ्यांच्या पैशात. शेजारच्या आजोबांना हे पटत नाही. त्यांचा राग नव्या इमारतींवर आहे. गेल्या वर्षी, २०२२ मध्ये, शहराने बिल्डरवरची पार्किंग बांधायची सक्तीच काढून टाकली. आजोबांचं म्हणणं, ही सगळी माणसं आता आपल्या गल्लीत गाड्या आणणार. त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण सक्तीचं पार्किंग बांधायचा खर्च शेवटी घर घेणाऱ्याच्याच बोकांडी बसतो, आणि आम्हाला परवडलं ते पार्किंग नसलेलं घर म्हणूनच. आजोबांकडे स्वतःचा ड्राइव्ह-वे आहे, हे मी त्यांना बोलून दाखवलेलं नाही. त्या ड्राइव्ह-वेसाठी फुटपाथ जिथे उतरता केलाय, तिथे रस्त्यावरची एक जागा कायमची गेलीय, हेही नाही. शेजारधर्म.

तू जूनमध्ये येतोयस ते पक्कं ना? भाड्याची गाडी घेऊ नकोस. लोगन विमानतळावरून सिल्व्हर लाइनची बस फुकट आहे, साउथ स्टेशनला उतरून रेड लाइन धर, मी स्टेशनवर येतो. पासच्या भरवशावर तर मुळीच राहू नकोस. त्याच आठवड्यात मेहुणा न्यू जर्सीहून गाडी घेऊन येतोय आणि पास त्याला आधीच कबूल केलाय. बायकोच्या भावापुढे तुझं काही चालणार नाही.

काकूंना नमस्कार सांग. येताना चितळ्यांची बाकरवडी आण, अर्धा किलोवर भागवू नकोस.

तुझा,
बाळ्या