पाणी चढायच्या आत

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तीनदा सांगायला घेतलं. पण आई "जेवलीस का" म्हणाली की पुढचं सगळं घशातच राहतं. म्हणून लिहिते. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका.

पुढची किमो मी घेणार नाहीये. डॉक्टरांशी दोनदा बोलले, फाइल दुसरीकडेही दाखवली. यकृतातल्या गाठी आता औषधाला दाद देत नाहीत. आणखी घेतलं तर मिळालेच तर काही आठवडे, तेही उलट्या काढत. ३४ व्या वर्षी हे पचवायला मला वेळ लागला, तुम्हालाही लागेल. तुमचे पैसे, नवस, नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा, काही कमी पडलं नाही. खरंच नाही.

मी घरी येतेय. दुखण्यावर दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी असते. बाबा, ती नशा नव्हे. मापात घेतली की माणूस नीट बोलतो, जेवतो. पोट तेवढं साफ होत नाही, त्याचं औषध सोबत आहे. (आई, तुझं त्रिफळाचूर्ण नको.)

आणि एक कागद केलाय, मला व्हेंटिलेटर लावू नये असा. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, नोटरी, सगळं झालंय. नाव दादाचं घातलंय. तुमचं मुद्दामच नाही. त्या वेळी कुणी तुमच्यापुढे कागद धरायला नको.

बाबा, २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांच्या वर गेलं तरी तुम्ही "अजून बघू" म्हणत जिन्याच्या बुडालेल्या पायऱ्या मोजत बसलात. शेवटी आईला रात्री बोटीत बसवलं, एकाच चपलेनिशी. मला तसं निघायचं नाही.

लहानपणी तापात आई कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून गोष्ट सांगायची, मी झोपले समजून मधेच थांबायची. मी जागीच असायचे गं. त्या गोष्टी आता पुऱ्या कर.

खाट मधल्या खोलीत, खिडकीशी लावा. भडंग कर, दोनच घास खाईन, पण तळल्या लसणाचा वास घरात हवा. मोतीबिंदूची तारीख माझ्यापायी पुढे ढकलायची नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, आठवण झाल्यावर नव्हे.

शुक्रवारी दुपारी पोचते. दादा गाडीनं आणतोय, कोपऱ्यावर उन्हात उभे राहू नका. दारात रडायचं नाही. बरं, थोडं चालेल.

तुमची,
चिमी