नदीकाठच्या मावशींना, शिंपल्यांबद्दल आणि वहीबद्दल

ति. मावशी,
शि. सा. न. वि. वि.

प्रबंध एकदाचा विद्यापीठात जमा केला. त्यात आभाराचं एक पान असतं. गाईड, लॅब, फेलोशिप, सगळे रीतसर आलेत. तुम्ही मात्र ‘स्थानिक सहकार्य’ या दोन शब्दांत उरकल्या गेलात, कारण तिथली पद्धतच तशी आहे. मला ते पटत नाही. म्हणून हे वेगळं पत्र, आणि मुद्दाम चारचौघांसमोर.

पहिल्याच भेटीत तुम्ही विचारलं होतंत, “आतलं मांस टाकून ही पोरगी नुसती टरफलं कशाला नेते?” आता नीट सांगते. पाण्यातला ऑक्सिजन मुख्यतः दोन जातींचा, एक हलका आणि एक किंचित जड. ऊन लागलं की हलक्याचं पाणी आधी उडतं, डोहात उरलेलं जड होत जातं. पावसाळा दणकून झाला की नदीला हलकं पाणी येतं. शिंपला आपलं कवच त्याच पाण्यातून थरावर थर चढवत वाढवतो, त्यामुळे कुठल्या थराच्या वेळी पाणी कसं होतं ते कवचात राहतं. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या बारीक ड्रिलने एकेका थराची भुकटी काढायची आणि मशीनला द्यायची. चिमूटसुद्धा लागत नाही. पाणी किती गरम होतं याचाही त्यात वाटा असतो, साधारण ४ ते ५ अंशांना जड ऑक्सिजनच्या प्रमाणात हजारात एकाचा फरक. म्हणून आकडा हातात आला की लगेच ‘दुष्काळ!’ म्हणून ओरडायचं नसतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. हरियाणात कोटला डहर नावाचं एक आटलेलं तळं आहे. त्याच्या गाळातल्या इवल्या निमुळत्या गोगलगायींची कवचं यामा दीक्षित, डेव्हिड हॉडेल आणि कॅमेरॉन पेट्री या संशोधकांनी तपासली. सुमारे ४१०० वर्षांपूर्वीच्या थरात जड ऑक्सिजन एकदम हजारात चारने वाढलेला दिसला. म्हणजे पावसाळा ढासळला, आणि तोही हडप्पा संस्कृतीची मोठी शहरं ओस पडू लागली त्याच सुमारास. २०१४ साली हे छापून आलं.

आपल्याकडचा प्रश्न घोडनदीकाठच्या इनामगावचा, तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं तिथं खोदाई केली. इसवी सनापूर्वी १००० नंतर तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती खालावते, शिकार वाढते. हवा कोरडी झाली म्हणून हे झालं, असं उत्खनन करणाऱ्यांचं म्हणणं. सगळ्यांना ते मान्य नाही. मला वाटतं, हा वाद नदीलाच विचारावा, आणि त्या काळच्या नदीतलं हाताला लागेल असं जे उरलंय ते शिंपलेच.

पण जुना शिंपला काय सांगतो हे कळायला आधी आजचा शिंपला आणि आजचं पाणी शेजारी ठेवावं लागतं. इथं तुम्ही आलात. मी पुण्याला, नदी तुमच्या दारात. बाटली पाण्याखालीच धरून काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडा राहू द्यायचा नाही, झाकण आवळून टेप लावायची, हे एकदा दाखवलं. पुढे वर्षभर एकही बाटली वाया गेली नाही. लॅबमधल्या पोरांना अजून दहादा सांगावं लागतं.

आणि तुमची वही! मी फक्त तारीख आणि बाटलीचा नंबर मागितला होता. तुम्ही ‘वळीव, गारा नाहीत’, ‘पाणी गढूळ’, ‘डोह गुडघ्याला’ असं सगळं लिहीत गेलात. एप्रिलचे आकडे आले तेव्हा पाणी अचानक हलकं झालेलं, जणू भर उन्हाळ्यात पावसाळा लागला. मशीन बिघडलं का, इथपर्यंत चर्चा झाली. मग वही उघडली. त्या तारखेपुढे लिहिलं होतं, ‘आवर्तन सुटले’. धरणाचं पाणी येऊन तापलेल्या डोहात मिसळलं होतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या नदीवर धरण नव्हतं, त्यामुळे तुलनेतून हे आठवडे वगळावेच लागले. कुठले वगळायचे हे त्या दोन शब्दांमुळे कळलं.

दुसरी गोष्ट तुम्ही बोलता बोलता सांगितलीत. उथळ पाण्यातले शिंपले पाणी हटलं की चिखलात शिरून तोंड मिटून बसतात, डोहातले बसत नाहीत. मिटून बसला की तो वाढत नाही आणि त्या दिवसांची नोंदही करत नाही. म्हणजे सगळ्यात कडक उन्हाळा उथळावरच्या कवचात नसतोच. प्रबंधाचं चौथं प्रकरण यावर उभं आहे.

आणि चुलीचं. “निखाऱ्यावर टाकलेला शिंपला पांढराफट पडतो, बोटानं चुरतो” असं म्हणत तुम्ही दोन भाजून दाखवलेत. जास्त तापलं की कवचातल्या चुन्याची घडण बदलते आणि जुनी नोंद पुसली जाते. क्ष-किरणांनी ते तपासता येतं, पण इनामगावच्या खोदाईतल्या शिंपल्यांच्या जुन्या पेटीतले तसले पांढरे तुकडे मी आधी डोळ्यांनीच बाजूला काढले. उकळलेल्यांचं एवढं भय नसतं.

इनामगावला खरंच दुष्काळ पडला होता का, हे तुम्ही दर फोनला विचारता. एवढ्याशा शिंपल्यांवर मी छातीठोकपणे सांगणार नाही. पावसाळे एकसारखे नव्हते, एवढं दिसतंय. पुढचं काम मंजूर झालं तर बाटल्या परत घेऊन येईन. या वेळी मजुरी अर्जातच मांडली आहे, नको म्हणू नका.

वहीची झेरॉक्स ठेवून मूळ वही पाठवत आहे. मागच्या पानांवर मासळीचा हिशोब आहे, त्यातली बरीच उधारी अजून यायची दिसते. वसूल करून घ्या.

तुमची,
टरफलंवाली