भामरागडच्या पत्त्यावर

शनिवार, २१ जून २०२५

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा तुझी शाळा उघडून आठवडा उलटलेला असेल. फोन असताना पत्र कशाला, असं आई आत्ताच विचारून गेली. फोनवर मी एकच प्रश्न विचारतो आणि तू लगेच "आईकडे द्या" म्हणतेस, म्हणून. कागदावर तरी तो प्रश्न टाळता येतो का ते बघतो.

आज योगदिन. पटांगणात गुडघाभर चिखल, त्यामुळे व्हरांड्यात दाटीवाटीने ताडासन झालं. त्याचे फोटो दुपारपर्यंत लिंकवर चढवायचे होते आणि शाळेत रेंज नाही, म्हणून शिपाईमामा मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सड्यावर चढले. योग खरा त्यांनीच केला.

यंदा पाऊस २५ मेलाच कोकणात उतरला, तू बघितलंसच. घराची कौलं कशीबशी चाळून झाली, शाळेची शाकारणी राहिली ती राहिलीच. दहावीच्या वर्गात फळ्याच्या उजव्या अंगाला गळतं. सोळा तारखेला शाळा सुरू झाली ती तिथे बादली ठेवूनच. प्रवेशोत्सव मात्र थाटात. आठवीत नवी नऊ मुलं, आणि त्यांना ओवाळायला सरपंच, समितीचे सदस्य, पालक, माजी विद्यार्थी मिळून पंचवीस तरी माणसं. एका मुलाच्या हातात तीन जणांनी तीन गुलाब दिले. पोरगं ते कुठे ठेवायचे म्हणून माझ्याकडे बघत होतं.

नऊ. तू आठवीत होतीस तेव्हा एकेका बाकावर तिघं बसायची आणि त्यावरून भांडणं यायची माझ्याकडे. आता मे महिन्यात मी आणि गणिताचे सर वाडीवाडीवर फिरतो, जत्रेला माणूस बोलवावं तसं मुलांना बोलावतो. "सर, पोरगा विरारला चुलत्याकडे जाणार" असं ऐकून चहा पिऊन परत येतो. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने नववी-दहावीचा पट विसाच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. आपण काठावर आहोत. ३० सप्टेंबरला पट मोजला जाईल तोवर एकही दाखला बाहेर जाऊ नये, एवढ्यासाठी मी देव पाण्यात घालून बसलोय. मुलाने चांगल्या शाळेत जावं असं वाटण्याचं माझं काम, आणि तो जाऊ नये म्हणून धडपडतो. निवृत्तीच्या वर्षात हे करायचं नशिबी होतं.

बुधवारी एक नेपाळी मुलगा आला. बाप आंब्याच्या बागेत राखणीला आहे, आंबे संपले तरी यंदा मुलुखात परतला नाही. जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा नाही, आधार नाही. क्लार्क म्हणाले, ऑनलाइन नोंद होणार नाही. मी म्हटलं, २००९ चा कायदा वाचा, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार आठवीत घेतला. म्हणजे दहा. मराठी त्याला बागेतलं येतं, फांदी, झेला, पेटी, हापूस. पुस्तकातलं काही नाही. त्याला पहिल्या बाकावर बसवताना मला तुझं बोलणं आठवलं. गेल्या महिन्यात ओटीवर मी तुला म्हटलं होतं, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढ कशीतरी आणि पहिल्या संधीला जिल्हा बदलून घे. त्यावर तू म्हणालीस, "नेपाळहून मुलं तुमच्या शाळेत आलेली चालतात, आणि मी राजापूरहून भामरागडला गेलेली चालत नाही." आई स्वयंपाकघरात हसली होती. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. पण पहिला पावसाळा आहे तुझा तिथला, एवढं लक्षात असू दे.

पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा रस्ता तुटतो, हे आम्ही दरवर्षी बातम्यांत बघत आलो. पूर्वी बघून चॅनेल बदलायचो. आता दादाने मोबाईलवर तिथलं हवामान लावून दिलंय. आपल्याकडे धो धो कोसळत असताना मी तिकडचे ढग बघत बसतो.

दहावीच्या निकालाचं बोलायचं राहिलं. आपली तेराच्या तेरा पास. कोकण ९८.८२ टक्के, नेहमीप्रमाणे राज्यात पहिलं. नागपूर विभाग ९०.७८, सगळ्यात शेवटी, आणि तुझा गडचिरोली त्यातच. परवा बाजारात एक गृहस्थ मला म्हणाले, "मुलीला चांगलं कोकणातलं वळण न्यायला पाठवलंत." मी काही बोललो नाही, पण तुला सांगतो, असल्या बोलण्याला भुलू नकोस. इथे पोरगं घरी येतं तर आजी त्याच्याशी मराठीतच बोलते. तुझी मुलं घरात माडिया बोलतात आणि मराठी त्यांना पहिल्यांदा तुझ्या तोंडून ऐकू येते. त्यांना पहिल्या महिन्यात धडा संपवायला सांगू नकोस. हजेरी मात्र रोज स्वतः घे, दुसऱ्याकडून लिहून घेऊ नकोस. गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवशी नको. पोषण आहाराची नोंद ताट वाढल्यावर कर, आधी नाही. जी मुलं शेवटच्या बाकावर गप्प बसतात त्यांच्यापासून सुरुवात कर. केंद्रप्रमुख आले तर...

झालं सुरू. तू म्हणतेस तसं, "हेडसर परिपाठाला उभे राहिले." माफ कर. इतकी वर्षं सूचना वहीत लिहिण्याची सवय, मुलीचं पत्र आणि सूचना वही यात फरक राहिलेला नाही. यातलं निम्मं तू आत्ताच माझ्याहून चांगलं करतेस. तुझ्या वर्गाचे फोटो मी स्टाफरूममध्ये दाखवले, तेही कुणी मागितले नसताना. त्या भिंतीवर तू मुलांकडून काढून घेतलेली झाडं आणि त्यांची दोन्ही भाषांतली नावं बघून चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, ही कल्पना आपण उचलू. मी म्हटलं, उचला, पण आमच्या बायला विचारून.

तू पाच वर्षांची असताना शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्याबरोबर आली होतीस, आठवतं का? तो लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला, तीच आपली घंटा. तिला हात पुरेना म्हणून तू स्टुलावर चढलीस आणि दहा वाजायच्या आधीच बडवलीस. सगळी शाळा वर्गात जाऊन बसली. मुलं खूश, मास्तर गोंधळलेले. आत्या तेव्हा आपल्याकडे राहायची. तिने तुला उचलून नेलं आणि घरी जाईपर्यंत ती हसत होती. तो तुकडा अजून तिथेच आहे. गंजलाय, पण आवाज तोच. सोळा तारखेला मीच वाजवली, मुद्दाम. पुढच्या जूनला दुसरं कुणी वाजवेल.

आत्याचं नाव आलंच, तर लिहूनच टाकतो. बाय, ताप आला तर वाट बघायची नाही. अंग दुखतंय, पावसात भिजले असेन, असं म्हणून क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. त्याच दिवशी आशाताईला बोलावून रक्ताची तपासणी करून घ्यायची, त्यांच्याकडे किट असतं, थोड्या वेळात कळतं. मलेरिया निघाला तर बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. त्या भागात फाल्सिपेरम जातीचा मलेरिया आहे, तो मेंदूपर्यंत जातो. आणि त्रास वाढला तर प्राथमिक आरोग्य केंद्र, नाहीतर हेमलकशाचा दवाखाना, आमटे मंडळी १९७३ पासून तिथे आहेत, त्यांना या तापाची आपल्यापेक्षा जास्त ओळख आहे. पण पुलाच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे बघून, पाणी चढायच्या आत निघायचं. पाणी चढल्यावर नाही. औषध लावलेली मच्छरदाणी मिळालीय ना? ती घडी करून ट्रंकेत ठेवलेली नसावी. मे महिन्यात तू इथे पंख्याखाली उघड्यावर झोपत होतीस, ते मी बघत होतो.

नको म्हणून सुरुवात केली आणि अख्खा परिच्छेद त्याचाच झाला. असो. तुझ्याबरोबरच्या त्या चंद्रपूरच्या मॅडमनाही हे वाचून दाखव. तुला राग आला तरी त्यांना येणार नाही.

आईने कोकमाची बाटली आणि कुळथाचं पीठ तुझ्या बॅगेत तळाशी घातलंय, तू वजन होतं म्हणून काढून ठेवलेलं तिने परत घातलं. रागावू नकोस.

आता मुद्द्याचं. गणपती २७ ऑगस्टला. इथे आम्हाला सुट्टी, तुमच्याकडे तशी नाही, त्यामुळे रजेचा अर्ज आत्ताच लिहून ठेव. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ तारखेच्या गाडीचं येत्या बुधवारी, आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. दादा सकाळी आठच्या आधीच बसणार आहे. नागपूर ते दादर आणि दादर ते राजापूर रोड, दोन्ही काढायला सांगितलंय. पत्र तोवर पोचणार नाही, म्हणून तुला न विचारताच सांगितलं. नाहीच जमलं तर तिकीट रद्द करता येतं. किती रजा शिल्लक आहे ते कळव, आणि नागपूरहून रात्रीची गाडी नको असेल तर तेही दादाला सांग, मला नको.

तुझे,
बाबा