क्युबा तुझ्याकडंच राहू दे

सोलापूर,
चैत्र

प्रिय विन्या,

तुझ्या माशांच्या टाकीचा फोटो पाहिला. ‘क्युबा’ या बारीक पानांच्या पाणवनस्पतीचा गालिचा पुढच्या काचेपर्यंत येऊन टेकलाय, पानापानावर बुडबुडे लटकलेत, आणि खाली माझ्या टाकीत गालिच्यासाठी लावलेल्या झाडावरून तुझा टोमणा: ‘अजून त्या मार्सिलियावरच अडकलायस का बे?’ फोनवर उत्तर दिलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून लिहायला बसलो.

तुला वाटतं की आमचं पाणी जड आहे म्हणून मी घाबरतो. जड आहेच. तुमच्या सावंतवाडीचं पाणी जांभ्यातून झिरपलेलं, मऊ. आमच्याकडं खाली काळा पाषाण, वर काळी माती, आणि बोअरच्या पाण्यात दूधसुद्धा नीट तापत नाही असं आई म्हणते (ते खोटं आहे, पण तिला कोण सांगणार). तरी नुसत्या क्षारांनी क्युबा मरत नाही. कार्बन डायऑक्साइड गॅस भरपूर दिला तर जड पाण्यातही ती चालते. घात करतो तो उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास असतो, काही दिवस तर ४३-४४. पंख्याखालची टाकीसुद्धा ३१-३२ अंशांवर जाते, आणि क्युबाला हवे असतात २२ ते २६. पाणी तापलं की त्यात गॅस कमी विरघळतो, आणि त्याच वेळी झाडाचं श्वसन वाढतं. मिळकत घटली आणि खर्च वाढला, असा संसार किती दिवस चालणार? वरून हिरवं दिसत असतं, खालचा सावलीतला थर मात्र कुजत जातो, आणि एक दिवस सगळा पट्टा मातीपासून सुटून वर तरंगतो. पाणी थंड करणारा चिलर घे म्हणशील. चिलर टाकीतली उष्णता खोलीत ओततो, आणि त्या खोलीत मी झोपतो.

मार्सिलिया हे खरं म्हणजे नेचं आहे, फुलं नाहीत, बिया नाहीत. तिच्या जातीतली मिनुटा तर आपल्याकडं भातखाचरात, तळ्याच्या काठाला आपोआप उगवते. चार पाकळ्यांचं पान, तू पाहिलं असशील आणि तण म्हणून तुडवलं असशील. पाण्याखाली गेली की ती वेगळीच होते. चार पाकळ्या जाऊन बऱ्याचदा एकच चमच्यासारखं पान येतं, आणि धावतं खोड मातीलगत सरकत राहतं. मध्यम उजेड पुरतो. दोष एकच: ती सावकाश वाढते. लोकांना महिन्याभरात फोटो हवा असतो, म्हणून तिचं नाव होत नाही. टाक्या सजवणाऱ्या जपानच्या ताकाशी अमानोंनी ग्लॉसोस्टिग्मा हे असंच गालिच्याचं झाड जगभर गाजवलं ते बरोबरच, पण त्यांचं काम जपानातल्या निइगातात चाललं होतं. तिथं बर्फ पडतो रे.

तू सुचवलंस की एवढी काळीभोर माती फुकट मिळते, तर टाकीत घालायची विकतची माती, सॉइल, कशाला. विचार वाईट नाही, ही माती अन्नद्रव्यं छान धरून ठेवते. पण आमच्या शेतातल्या मातीत चुनखडीचे खडे असतात. व्हिनेगरचे थेंब टाकून बघ, फसफसतात. ते टाकीत गेले की महिनोन्‌महिने क्षार सोडत बसणार. शिवाय ही माती इतकी बारीक की एक रोप उपटलं तर टाकीचा चहा होतो. मी विकतचीच घातली. भीमेची वाळू फक्त कडेला, तीही व्हिनेगरची परीक्षा पास झालेली.

लावणी दसऱ्यानंतर केली, कोरड्या सुरुवातीनं. ही पद्धत खास सोलापूरसाठीच काढलीय की काय असं वाटतं, कारण तिला पाणीच लागत नाही! माती चिंब ओली करायची, पण वर पाणी साचू द्यायचं नाही. विकतच्या कपात जेलीवर वाढवलेल्या रोपांची जेली धुऊन बारीक तुकडे करायचे, चिमट्यानं दोन-तीन सेंटिमीटरवर खोचायचे आणि वर क्लिंग फिल्म ताणायची. पानांना हवेतलाच कार्बन डायऑक्साइड मिळतो, सिलिंडर लागत नाही, आणि शेवाळही डोकं काढत नाही. बुरशी धरू नये म्हणून रोज थोडा वेळ झाकण उघडायचं, एवढंच. सहा-आठ आठवडे मुळं धरू द्यायची. नवी सॉइल अमोनिया सोडते, तो काळही बराचसा मासे नसताना निघून जातो. पाणी भरल्यावर चौपानी पानं गळतात, तेव्हा घाबरून उपटू नकोस, पाण्यातली पानं मागून येतात. हेच फिल्मखाली एप्रिलमध्ये केलं असतं तर रोपं वाफवली असती.

नळाला पाणी रोज येत नाही, सगळं ड्रममध्ये साठवलेलं. एरवी वैताग, पण झाकण उघडं ठेवून दोन दिवस गेले की क्लोरीन उडालेला असतो.

सध्या काम आहे ते पंख्याचं. कॉम्प्युटरचे छोटे १२ व्होल्टचे पंखे पाण्यावर तिरके लावलेत. आपली हवा कोरडी असल्यामुळं बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-तीन अंश उतरतं. तुमच्या दमट कोकणात हा उपाय इतका चालणार नाही. पण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात. कमी झालेलं पुन्हा नळाच्याच पाण्यानं भरत गेलास तर मे संपेपर्यंत टाकी खारट. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याची, आणि आठवड्याच्या बदलात निम्मं नळाचं.

गॅस थोडा देतो, दिवे लागायच्या तासभर आधी सुरू आणि दिव्यांबरोबर बंद. दिवे सहा-सात तास, बस. गॅससाठीची साखर-यीस्टची बाटली उन्हाळ्यात विसर; उकाड्यात यीस्ट आधी उधळतं आणि मग लवकर थंडावतं. ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणाऱ्या कुपीत) तू टाकीतलंच पाणी भरतोस असं मागं म्हणाला होतास, ते बंद कर. त्यात ४ केएचचं, म्हणजे ठरावीक कार्बोनेट क्षारांचं, द्रावणच हवं, तरच हिरव्या रंगाचा अर्थ गॅस ३० पीपीएमच्या आसपास असा लागतो.

मासे म्हणशील तर गप्पी. त्यांना जड पाणी मानवतं, आणि ते माती उकरत नाहीत. धाकटा गोल्डफिशसाठी रडतोय. एका दुपारात सगळी लावणी उपटतील ते, मी ठाम आहे, निदान आतापर्यंत.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा क्युबाचा कप आणू नकोस, एसटीतच तिचं शिजून वरण होईल. त्याऐवजी ४ केएचच्या द्रावणाची बाटली आण, माझी संपत आलीय. आणि तुझी लांब कात्री दोन दिवस दे. डाव्या कोपऱ्यात मार्सिलिया एकमेकींवर चढायला लागलीय, तिथं छाटणी करायचीय. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या