दोन वर्षं वावर शेवरीखाली ठेवायचं, पण तेवढे दिवस खायचं काय?

मा. संपादक साहेब,

तुमच्या पेपरात जमिनीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत येणारा कस, कमी झाल्याबद्दल वाचलं, उपाय काय तर म्हणे शेणखत टाका. अहो गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या, शेणखत आणायचं कुठून, अन ट्रॉलीचा भाव विचारला की माणूस गप घरी येतो.

माझं एक एकर बरड आहे. आधी पऱ्हाटी (कपाशी) मग वर्षानुवर्षं सोयाबीन, युरियाच्या बॅगा वाढत गेल्या पण झाड काही गुडघ्याच्या वर जाईना. शेवटी वैतागून अर्ध्या एकरात शेवरी लावली, तीच पानमळ्यात वेलाला आधार देणारी, शेंगवर्गातलं झाड. डोकं माझं नाही, आफ्रिकेत झांबियाच्या पूर्व भागातले मकावाले शेतकरी हेच करतात, दोन-तीन वर्षं शेवरी ठेवायची, मग तोडून पाला मातीत, मुळं जागेवर अन लाकूड चुलीत. पुढचा मका बिनखताच्या मक्याच्या दुप्पट-तिप्पट होतो, टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळावर जगणारं तण, तोही कमी पडतो.

पहिल्या वर्षी बकऱ्यांनी अर्धी रोपं खाल्ली, ती परत लावली. नंतर एक झाड उपटून पाहिलं तर मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी, नखानं फोडली तर आतून गुलाबी, म्हणजे गाठ जिवंत आहे अन हवेतला नत्र धरतेय. तोडणी झाल्यावर वखर असा गेला की बाजूच्या सोयाबीनच्या पट्ट्यात तसा कधीच जात नाही. पण एक सांगतो, स्फुरद (फॉस्फरस) काही हवेतून येत नाही, तो वरून द्यावाच लागतो, खताची बॅग बंदच होते असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

खरी अडचण दुसरीच आहे. ई-पीक पाहणीत, म्हणजे सरकारी पीक नोंदणीत, काय टाकू विचारलं तर ऑफिसातला म्हणे 'चालू पड', म्हणजे वावर पडीक, असं टाका. म्हणजे विमा नाही, नुकसानभरपाई नाही, दोन वर्षं त्या अर्ध्या एकराचं उत्पन्न शून्य, अन जमीन सुधारतोय मी! बागायतदाराला ठिबकचं अनुदान मिळतं मग कोरडवाहूवाल्याला एका एकरापुरती दोन वर्षांची मदत काहून नाही? सगळं वावर कोणी असं ठेवणार नाही, ठेवूही नये. अन मक्त्यानं (भाड्यानं) करणाऱ्याचं तर बोलूच नका, जमीन सुधारली की मालक पुढच्या साली वावर काढून घेतो. त्यांनी धुऱ्यावर (बांधावर) गिरिपुष्प या झाडाच्या फांद्या खोचाव्या, छाटली की परत फुटते अन पाला पिकाच्या ओळींत टाकता येतो, जागा जात नाही.

निदान सरकारी नर्सरीत सागाबरोबर शेवरी-गिरिपुष्पाची रोपं तरी ठेवा, अन तीही जूनच्या आत, मागच्या खेपेला मला ऑगस्टमध्ये या म्हणाले होते.

एक कोरडवाहू शेतकरी,
जि. यवतमाळ