मूळ तिथी गाळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीपासून इंदुरातल्या मराठी मंडळींनी घराण्यांचे, देवळांचे, गल्ल्यांचे इतिहास लिहायला घेतले आहेत. काम चांगलेच आहे. पण माहिती वाढते तसा तारखांचा घोळही वाढतो. लिहिणारा कागदावरची तिथी गाळतो आणि स्वतः काढलेली इसवी तारीख तेवढी ठेवतो. ती चुकली तर पडताळायला मागे काहीच उरत नाही.

खुद्द अहिल्याबाईंचेच पाहा. निधन १३ ऑगस्ट १७९५. आपल्या पंचांगाने ती श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७. इंदुरात पुण्यतिथी होते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला. दोन्ही बरोबर! आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात त्यांचे एका महिन्याने पुढे जाते. हे ठाऊक नसलेला उत्साही माणूस 'दुरुस्ती' करतो आणि घटना महिनाभर सरकते. म्हणून तिथी वद्य असेल तर कागद कोणत्या रीतीचा, हे शेजारी लिहायलाच हवे.

इसवी सन काढायला शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. चैत्री (चैत्रात सुरू होणाऱ्या) विक्रम संवतातून याच हिशेबाने ५७ आणि ५६ वजा करायचे. बडोद्याकडच्या नातलगांचा कागद असेल तर जपून, तिथे संवत कार्तिकात बदलतो. चैत्र ते आश्विन फरक ५६ चाच धरावा लागतो.

खरी फसगत सुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरलेल्या जुन्या सनात, होते, कारण तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'सीत तिसैन मया व अलफ' म्हणजे सहा, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९६. हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस, सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ऑगस्टातला ११९६ म्हणून १७९५, आणि वरच्या शकाशी तो जुळतो. 'तिसा' वाचून तीस समजणारे पुष्कळ भेटतात. तिसा म्हणजे नऊ. सबा सात तर सबैन सत्तर, समान आठ तर समानीन ऐंशी. मोडीत शब्दाचे शेपूट पुसट झाले की साठ-सत्तर वर्षांचा फरक पडतो. त्यामुळे हे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, आकडा नंतर.

मोडी उतरवताना ओळीखाली ओळ ठेवावी आणि शंकेचे अक्षर चौकटी कंसात टाकावे. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, तेव्हा आडनावाची वेलांटी वाचणाऱ्याने लावलेली असते. तिच्यावरून दोन घराणी वेगळी ठरवू नयेत.

नुसते 'तुकोजीरावांच्या काळात' असे लिहिणे तर बंदच व्हावे. होळकरांच्या गादीवर तुकोजीराव तीन झाले: पहिले १७९५ ते १७९७, दुसरे १८४४ ते १८८६, तिसरे १९०३ ते १९२६. मल्हारराव आणि यशवंतराव हेही एकाहून अधिक झाले. कितवे ते कळत नसेल तर ओळ मूळ शब्दांत ठेवावी, क्रमांक अंदाजाने घालू नये.

फोटोंबद्दल थोडेच. मागच्या बाजूचा मजकूरही स्कॅन करावा. छोट्या छपाईला ६०० डीपीआय ठेवावे. नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलने कडेला; बॉलपेनची दाब-रेघ पुढून उमटते. लॅमिनेशन आणि सेलोटेप नकोच, ते पुन्हा निघत नाही.

आपल्या अंकातही असे लेख येतात. छापताना इसवी तारखेआधी कागदावरची तिथी आणि सन मूळ शब्दांत द्यावा, एवढी विनंती. जागा लागेल ती अर्ध्या ओळीची.

आपले,
काही वाचक, इंदूर