एक्का-राजा हातात आहे म्हणून शेवटपर्यंत जायचं का?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत घरच्या घरी पोकर कसा खेळायचा यावर लेख आला होता, लेख चांगलाच होता, नियम सोप्या भाषेत दिलेत, पण त्यात एक्का-राजा आला की तो हात शेवटपर्यंत सोडायचा नाही असा सल्ला आहे आणि तो वाचल्यापासून गप्प बसवेना. कारण आमच्या पेठेतली पोरं नेमकं हेच करतात. 2025 च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंद झाले, आता ही मंडळी रात्री कुणाच्या तरी माडीवर चिंचोके वाटून लिमिट होल्डेम (दर फेरीला ठरलेलीच रक्कम लावायचा पोकरचा प्रकार) खेळतात, मीही असतो, आणि जोडी न लागलेला एक्का-राजा घेऊन रिव्हरपर्यंत, म्हणजे टेबलावरचं शेवटचं पाचवं पान येईपर्यंत, बसलेला माणूस तिथं रोज दिसतो.

ही सवय येते तीन पत्तीतून. कोल्हापुरात पत्ते शिकायचे म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर गणपतीच्या जागरणाला, आणि शिकायची ती तीन पत्तीच. तिथं तीन पानांत काहीच न जमण्याची शक्यता 74 टक्क्यांच्या आसपास आहे, ना जोडी ना कलर ना सिक्वेन्स, त्यामुळे नुसता एक्का मोठा असला तरी डाव खुशाल मारता येतो. होल्डेममध्ये हातातली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून पाच निवडायची असतात, त्यात काहीच न जमणं फक्त 17 टक्के वेळा होतं. म्हणजे चार-पाच जण शेवटपर्यंत थांबले तर कुणाकडे तरी निदान जोडी असणारच की! आणि वेगवेगळी दोन पानं हातात असली तर तीनातल्या दोन वेळा फ्लॉप, म्हणजे टेबलावर एकदम उघडणारी पहिली तीन पानं, तुमच्या पानांना शिवतसुद्धा नाही, एक्का-राजाचंही तेच.

मग सोडायचाच का? तसं पण नाही, पॉट, म्हणजे मधे जमलेले चिंचोके, मोजायचा. आमच्याकडे ब्लाइंड, म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी लावायलाच लागतात ते, 1 आणि 2 चिंचोके, पहिल्या दोन फेऱ्यांत बेट 2 ची, पुढच्या दोन फेऱ्यांत 4 ची. समजा फ्लॉपच्या आधी रेझ झालं, म्हणजे कुणी बेट वाढवली, दोन्ही ब्लाइंड धरून चौघं आत आले, प्रत्येकी 4, पॉट 16. फ्लॉप आला नव्वी-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. पहिल्यानं 2 लावले, मधले दोघं गेले, पाळी तुमची. पॉटमध्ये 18, तुम्हाला घालायचे 2, म्हणजे 1 घालून 9 मिळवायचे, 9 ला 1. न दिसलेली पानं 47, त्यात तीन एक्के नि तीन राजे कामाचे, उरलेली 41 बिनकामाची, म्हणजे साधारण 7 वेळा हुकणार तेव्हा 1 वेळा लागणार, 7 ला 1. पॉट जास्त देतोय, मागे रेझ करायला कुणी उरलं नाही, बिनधास्त कॉल करा, म्हणजे तेवढेच 2 घाला. हातातली दोन्ही पानं एकाच रंगाची असून फ्लॉपवर त्या रंगाचं एक पान असेल तर अजून बरं, 24 वेळांत एकदा पुढची दोन्ही पानं त्याच रंगाची पडून कलर होतो.

आता तोच पॉट ठेवा आणि फ्लॉप बदला, नव्वी-अठ्ठी-सत्ती, त्यातली दोन बदामाची, आणि तुमच्याकडे बदाम एकही नाही. बदामचा एक्का किंवा राजा आला तर तुमची जोडी होते पण समोरच्याचा कलरही होऊ शकतो, सहातली दोन पानं तिथंच गेली. उरली चार, 43 ला 4 म्हणजे जवळपास 11 ला 1, आणि पॉट 9 च देतोय. त्यात दहा-गुलामवाल्याचा सिक्वेन्स आधीच जमलाय, त्याच्यापुढे तुमचा एक्का येऊन काय करणार? शिवाय तीन पत्तीच्या सवयीनं आमच्याकडे कुठलाही एक्का घेऊन लोक आत येतात, समोर एक्का-नव्वी असेल तर तुमचा एक्का पडला की त्याच्या दोन जोड्या होतात आणि मग तुम्ही खुशीत टर्नला (चौथ्या पानाला) 4, रिव्हरला 4 घालून बसता. हे नुकसान कुणी मोजतच नाही, न लागलेलं पान सगळ्यांना दिसतं पण लागून हरलेलं पान नशिबाच्या खात्यावर जातं.

खरी गल्लत टर्नवर होते. पहिल्या उदाहरणात कॉल केला, पॉट 20 झाला, टर्नला दुसरंच काहीतरी आलं आणि समोरच्यानं 4 लावले. आता 24 मिळवायला 4 घालायचे, 6 ला 1, आणि आपल्याला हवेत 40 ला 6, म्हणजे साडेसहाच्या वर. रिव्हरला त्याच्याकडून अजून 4 निघतील असं धरलं तरी जेमतेम बसतं, तेही सहाच्या सहा पानं स्वच्छ असतील, म्हणजे त्यांनी समोरच्याचा हात तुमच्यापेक्षा मोठा होत नसेल, तर. फ्लॉपवर 2 घातले म्हणून टर्नवर 4 घालायलाच पाहिजेत असं अजिबात नाही भावा, तो हिशोब नव्यानं करायचा.

समोर एकच जण असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी. त्याच्याकडेही बऱ्याचदा काही लागलेलं नसतं, तेव्हा एक्का-राजा हाच वरचढ हात असू शकतो, आणि उगाच बेट लावत सुटणारा गडी असेल तर मी सोडत नाही. काही लागल्याशिवाय चिंचोका न हलवणारा असेल तर लगेच पत्ते खाली. एवढं मात्र लक्षात घ्या की रील्समध्ये सगळे चिप्स पुढं ढकलून समोरच्याला घाबरवतात तसं लिमिटमध्ये जमत नाही, बेट ठरलेली, मोठ्या पॉटवर 4 चिंचोक्यांना कोण घाबरतंय?

आणि एक्का-राणी, राजा-राणी वाल्यांनी तर अजून आखडता हात घ्यावा. राजा-राणीवर फ्लॉपला नुसता एक्का पडला तरी आमच्या टेबलावर मी पुढं जात नाही.

लेखकानं पुढच्या भागात टर्नचा हिशोब चौकटीत द्यावा ही विनंती, पोरं पुरवणीचं कात्रण टेबलावर ठेवून खेळतात, त्यांना लगेच उपयोगी पडेल.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर